न भरणारी टाकी

जेल, बराक ३
३ ऑक्टोबर २०२४

हेमा,

फोन आठवड्यातून एकदा मिळतो, पाच मिनिटं, आणि पाठीशी शिपाई उभा. त्यातली तीन मिनिटं तू रडतेस. म्हणून लिहितो. तू पण लिही. लिहिताना रडलीस तरी मले ऐकू येत नाही.

मी बरा आहे. आईले सांग. पहिल्याच दिवशी एकानं माझी वळकटी संडासाच्या दाराशी फेकली. मी त्याचं तोंड त्याच दारावर आपटलं. त्याचा दात माझ्या हातात रुतला होता, आता खपली धरली. मले खिडकीजवळ जागा मिळाली. इथं असंच असतं.

जीवरामाचं मले काही सांगू नको. चुलतभाऊ असला म्हणून काय झालं. मी एकच घाव घातला. पहार हातात होती म्हणून पहार लागली, फावडं असतं तर फावडं लागलं असतं.

वकीलसाहेब भेटून गेले. ते म्हणे, सगळं नीट सांगा, म्हणून तुलेही नीट सांगतो, तू पोलिसांसमोर वेगळं बोलू नको. मागच्या बखळीत संडासाच्या पाण्यासाठी तीन चर मी स्वतः खणले, दोन हजार तेरात. त्यात भोकाचे पाईप टाकले, खाली-वर खडी, वर माती, मातीवर केळी. टाकीत घाण खाली बसते, वरचं पाणी पाईपांतून जमिनीत मुरतं. अकरा वर्षं मुरलं. गावात चाळीस टाक्या मी बांधल्या, कोणाच्या दारात उपसायची गाडी उभी राह्यलेली पाह्यलीस? अमृत मिस्त्रीची टाकी भरत नाही, हे लोक बोलतात, मी नाही.

त्या चरांवरून चाक नेऊ नको म्हणून जीवरामाले दहादा सांगितलं. केळीच्या घडांनी भरलेली ट्रॉली, ओली काळी माती, खाली पाईप. तो नेतच राह्यला. मग त्याच्या चाकोऱ्यांत काळं पाणी उभं राह्यलं, घरात संडास उलटा आला, आई त्यात घसरून पडली. मी ट्रॅक्टर अडवला. म्हटलं, उतर. तो वरूनच म्हणे, "भाऊ, ही वाट आमच्या वाटणीची. आमच्या वाटेत तुझं गू कोणी पुरलं?" चार माणसांत. हसले सगळे.

मग झालं.

आता तू एक कर. चर उकर. फुटलेले पाईप पंचांसमोर उघडे कर, फोटो काढ. नुकसान दिसलं की रागाच्या भरात झालं असं मांडता येतं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम खाली येतं आणि मी घरी येतो. तुझ्या हातात आहे.

अमृत

*

९ ऑक्टोबर

अहो,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. आत्याबाईंना, तुमच्या आईंना, वाचून दाखवलं, त्या दाताच्या तिथं म्हणाल्या, "पुढं वाच."

इथलं सांगते. आपल्या सारिकाला मी धुळ्याला माझ्या आईकडे ठेवून आले. ती ट्रॅक्टरचा आवाज आला की कानात बोटं घालून खाली बसते. तिकडे घर बायपासपासून लांब आहे, आवाज येत नाही.

मागच्या गुरुवारी कोकिळा आली होती. जीवरामभाऊंची बायको विळा घेऊन आपल्या बखळीत शिरली आणि एकही शब्द न बोलता चरांवरची केळी कापायला लागली. निसवलेली खोडं, घडासकट. मी म्हटलं, "कोकिळा, झाडांनी काय केलं गं?" तिनं विळा टाकला, चप्पल काढली आणि मला मारलं. तोंडावर, मानेवर, मी खाली बसले तर पाठीवर. मी हात वर केला नाही. का नाही केला ते मला अजून कळलं नाही. मारून झाल्यावर तिनं चप्पल पायात घातली, विळा उचलला आणि उरलेली खोडं कापली. बत्तीस. सगळीकडे चीक आणि खालचं काळं पाणी. माझी ती पिवळी साडी गेली, केळीचा डाग निघत नाही.

दुसऱ्या दिवशी पत्र्यावर दगड आले. एक पत्र्याच्या फटीतून आत पडला. आत्याबाईंच्या कपाळाला सहा टाके पडले. पोलिसांत मी गेले नाही. कशी जाणार?

संडास वापरता येत नाही. आम्ही दोघी पहाटे नाल्याकडे जातो. आत्याबाई सत्तरीला आल्या, त्यांना बसून उठता येत नाही, मी हात धरून उभी राहते.

खणायला मी दोन बाया सांगितल्यात. पण मला एक सांगा. आधी टाकीचं झाकण उघडून बघायला नको का? तुम्ही मला कधी दाखवलं नाही, कोणतं झाकण कशाचं.

हेमांगी

*

१७ ऑक्टोबर

हेमा,

त्या कोकिळेले मी सोडत नाही. ज्या हातात चप्पल होती तो हात मी मोडीन, आणि तिचा नवरा खाटेवर पडून बघेल. दगड कोणी टाकला ते विचारून ठेव. नाव पायजे, बाकी मी बघतो.

तू हात का वर केला नाहीस? माझ्यासमोर तर तोंड बरं चालतं तुझं.

टाकीले हात लावायचा नाही. ध्यानात ठेव. झाकण उघडायचं नाही आणि गाडी बोलवायची नाही. पाच माणसांची टाकी आहे, आपण चौघं. ती भरणारच नाही. माझ्या दारात मैल्याची गाडी उभी राह्यली तर उद्या मले काम कोण देईल? म्हणतील, मिस्त्रीच्याच घरचं तुंबलं. गवंड्याची अब्रू त्या झाकणाखाली असते, तुले कळायचं नाही.

फक्त चर उकर. लांबच्या टोकाकडून घे, जिथं चाकोरी आहे तिथं. पहार जपून, पाईपावर पडू देऊ नको, फुटलेला आहे तसाच दिसला पायजे. पंच म्हणून ग्रामपंचायतीतले दोघं घे, आपल्या बाजूचे.

इथं काल पाण्यावरून मारामारी झाली. मी नव्हतो. एकाचा डोळा गेला.

त्याचा पाय सुधरला का? वकिलाले सांगायचं असतं म्हणून विचारतो.

अमृत

*

(हे वहीतच राहिलं.)

२४ ऑक्टोबर

अहो,

एक घाव नाही. चार.

मी मागच्या दारात उभी होते. पहिला मडगार्डवर बसला, तो मी धरत नाही, धरला तर पाच होतात. जीवरामभाऊ उतरले नव्हते, तुम्ही पाय धरून ओढून खाली पाडलं. मग गुडघ्याखाली. मग तिथंच. मग ते "भाऊ, भाऊ" म्हणायला लागले आणि तुम्ही पहार दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेली, खडकात खड्डा घेताना नेता तशी, श्वास रोखून, आणि तिथंच. हाड दिसलं. पांढरं नव्हतं, गुलाबी होतं. मग आणखी एकदा. चाकोरीतल्या काळ्या पाण्यात लाल मिसळलं तर ते लाल दिसत नाही, नुसतं जास्त काळं दिसतं. हे मला माहीत नव्हतं.

सारिका माझ्या कमरेला धरून उभी होती. मी तिचे डोळे झाकायचे विसरले.

त्यांचा पाय गुडघ्यापासून कापला. तुम्हाला नेलं त्याच आठवड्यात, जळगावला. हे मी तुम्हाला सांगत नाहीये, कारण सांगितलं तर तुम्ही लिहाल, बरं झालं. मला ते तुमच्या अक्षरात बघायचं नाही.

आणि तोंडाचं म्हणाल तर तीन वर्षांपूर्वी मी एकदाच म्हटलं होतं, गाडी बोलवून टाकी उपसून घेऊ या. तुम्ही माझं डोकं धरून मोरीच्या कट्ट्यावर

*

२४ ऑक्टोबर

अहो,

तिन्ही चर उकरले. चाकोरीखाली पाईप दीड हात खोल आहेत. एकही फुटलेला नाही. चेपलेलासुद्धा नाही. आत गच्च काळा गाळ भरलाय, लोण्यासारखा. खडीलाही तोच चिकटलाय.

पंच बोलावले नाहीत. वर ताडपत्री टाकून ठेवली. काय करू ते कळवा.

हेमांगी

*

६ नोव्हेंबर

हेमा,

हे पत्र ऑफिसातून जात नाही. पहूरचा एक माणूस उद्या जामिनावर सुटतोय, त्याच्या चपलेत शिवून देतो. वाचलं की चुलीत टाक.

पाईप फोड.

वकिलाले काही विचारू नको, त्याले फोटो पायजे, बाकी त्याले ऐकायचं नसतं. मधल्या चराचे घे. चाकोरी जिथं ओलांडते तिथं चार हात लांबीत फोड. पहारीनं उभं मारू नको, उभं मारलं की भोक पडतं, ते चाकाचं वाटत नाही. आडवा दगड ठेव आणि वरून घणानं दाब, म्हणजे पाईप चपटा होऊन चिरतो. मग त्याच मातीनं माखव, पाणी शिंपड, दोन दिवस तसंच राहू दे. मग पंच बोलाव.

गाळाचं कोणाले बोलू नको. पाईप फुटले की गाळ जातोच आत, म्हणजे तोही ट्रॅक्टरमुळंच आला. हे खोटं नाही. मले ठाऊक आहे त्यानंच फोडलं असणार, दुसरीकडे कुठंतरी, तुले सापडलं नाही एवढंच.

दिवाळी गेली. इथं करंज्या वाटल्या, एकेक. माझी एकानं हिसकली, मी त्याचं बोट मागं वाकवलं, कट्ट झालं. आता त्याची माणसं माझ्यावर टपून आहेत. मी फार दिवस इथं राह्यलो तर यातला एक जण मले मारीन नाहीतर मी त्याले. समजलं का? मले बाहेर काढ. बायको आहेस ना.

अमृत

*

२१ नोव्हेंबर

अहो,

चुलीत टाकलं नाही. गॅस आहे आपल्याकडे.

सगळं क्रमानं लिहिते, हेही ऑफिसातून पाठवत नाही. डावा हात गळ्यात बांधलाय म्हणून अक्षर वाकडं आहे, वही धरायला कोणी नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी घण काढला. दगड ठेवला, तुम्ही सांगितला तसा. आत्याबाई दारात बसून लसूण निवडत होत्या. माझ्याकडे बघत होत्या. घण वर नेला आणि तसाच खाली ठेवला. मला आधी समजून घ्यायचं होतं. पाईप चांगले, मग घरात घाण आली कुठून?

सावद्याला फोन करून नूर महंमद उस्तादांना बोलावलं. तुमच्या हातात थापी त्यांनीच दिली, ते खोटं बोलणार नाहीत. ते परवा सकाळी आले. गुडघे दुखतात म्हणून नातवानं सोडलं आणि तो परत गेला. त्यांनी पहिली गोष्ट केली ती टाकीची दोन्ही झाकणं सरकवली आणि आम्हाला लांब उभं केलं. एक तास. "कोणी वाकून बघू नका. वायू चढतो, वास येतो न येतो तोवर माणूस आत जातो. बिडी तर मीच पिणार नाही." मग एका लांब बांबूला माझा जुना पांढरा परकर गुंडाळून तो तळाला टेकवला, थोडा वेळ धरला, हळूच वर काढला.

टाकीत पाणी पाच फूट. कापड तळापासून चार फूट काळं.

उस्तादांनी बांबू आडवा ठेवला. मग दुसऱ्या झाकणात विजेरी मारली. म्हणाले, "बेटी, टी कुठंय?"

मला टी म्हणजे काय माहीत नव्हतं. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून भिंतीवर चित्र काढलं. टाकीतून पाईप बाहेर पडतो तिथं आतल्या बाजूला एक उभा तुकडा लागतो. त्यामुळं वर तरंगणारी साय आणि खालचा गाळ, दोन्ही आत राहतात, फक्त मधलं पाणी बाहेर जातं. तो तुम्ही बसवलाच नाही. "मी त्याला शिकवलं होतं. तो म्हणायचा, उस्ताद, टी मध्ये तुंबतं, लोक बोंबलतात. टी नसली की सगळं वाहून जातं, टाकी भरत नाही, गवंड्याचं नाव होतं." मग ते म्हणाले, "वाहून जातं म्हणजे जमिनीच्या पोटात जातं ना. दर तीन वर्षांनी उपसली असती तरी चाललं असतं. ती जमीन तीन-चार वर्षांपूर्वीच मेली. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते म्हणून पिते. पावसाळ्यात तोंड मिटते. मग पाणी वर."

मी विचारलं, "आणि ट्रॅक्टर?"

"चाकोरी खोल, म्हणून वर आलेलं पाणी तिथं दिसलं. ट्रॅक्टर गेलाच नसता तर केळीच्या आळ्यात दिसलं असतं."

मी मोबाईलवर सगळ्याचे फोटो काढले. पाईप, चर, बांबू. सकाळचे पावणेदहा.

आता माझी चूक. मला वाटलं, तुमच्या काकांना, कौतिकनानांना, आणि जीवरामभाऊंना हे दाखवावं. चूक कोणाची ते डोळ्यांनी बघितलं की राग निवेल, नाना तडजोडीचं बोलतील, आपसात मिटलं तर तुमचंही काही सोपं होईल. मी स्वतः गेले त्यांच्या दारात. कोकिळा आडवी आली. नाना म्हणाले, "येऊ दे तिले, पाहू काय म्हनते." ते आले. जीवरामभाऊ कुबडीवर आले.

तुम्हाला मी सांगितलं नव्हतं. त्यांचा पाय गुडघ्यापासून कापलाय. सप्टेंबरातच.

उस्तादांनी त्यांना सगळं दाखवलं, मला दाखवलं तसंच. जीवरामभाऊ चराच्या काठाशी उभे होते. पँट दुमडून पिन लावलेली.

"म्हंजे मी इथून गेलोच नसतो तरी हे पानी वर आलं असतं?"

"आलं असतं," उस्ताद म्हणाले.

"मंग माझा पाय कशासाठी गेला?"

नाना खाली बघत होते. उस्तादांनी टोपी काढून हातात घेतली. जीवरामभाऊंनी माझ्याकडे बघून परत विचारलं, हळू, जसं खरंच कोणालातरी माहीत असेल. "वहिनी, कशासाठी गेला?"

 काहीतरी बोलायला हवं होतं.

त्यांनी कुबडी टाकली आणि चरात पडले. पडलेच. आम्हाला वाटलं तोल गेला. पण त्यांनी काठावरचा घण ओढून घेतला आणि बसल्या बसल्या पाईपांवर घालायला सुरुवात केली. एका हातानं आधार, एका हातानं घण. ओरडत होते, शब्द नव्हते त्यात. पाईप फुटत होते, काळा गाळ त्यांच्या तोंडावर, डोळ्यात, दाढीत उडत होता, ते पुसत नव्हते. नाना आत उतरले तर त्यांच्याच पोटात घणाचा दांडा बसला, ते काठावर ओकले. मी पुढं झाले. म्हटलं, "जीवरामभाऊ, बस करा हो." त्यांनी घण माझ्याकडे फेकला. माझ्या गळ्याखालचं हाड मोडलं, हसळी. आवाज ऐकला मी, सुकी काडी मोडावी तसा.

मग ते त्या घाणीत आडवे झाले आणि लहान मुलासारखे रडले. कोकिळा कुठून धावत आली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तोंड पुसत राहिली. तिनं माझ्याकडे एकदाच बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी त्यांच्यावर तक्रार केली नाही आणि करणार नाही.

काल भुसावळहून गाडी आली. दोन खेपा झाल्या. आपल्या दारात दोन तास उभी होती, अख्खं गाव बघून गेलं. कोणी हसलं नाही. तिघांनी ड्रायव्हरचा नंबर घेतला. उस्तादांनी टी बसवली.

वकीलसाहेबांना पाईप फुटल्याचं कुठून कळलं कोण जाणे, त्यांचा फोन आला. म्हणाले, आता फुटलेत ना, संध्याकाळचे फोटो काढून ठेवा. मी काढले. माझ्या मोबाईलमध्ये दोन्ही आहेत. सकाळचे आणि संध्याकाळचे.

हेमांगी

*

२ डिसेंबर

हेमा,

हेही चपलेतूनच.

सकाळचे पुसून टाक. आजच. संध्याकाळचे वकिलाले दे. तारीख दिसू नये असे दे, त्याचा मुनशी करतो ते. त्या लंगड्यानं स्वतःच्या हातानं आपलं काम केलं आणि तू मले त्याच्या रडण्याची गोष्ट सांगतेस?

उस्तादले कोणाले विचारून आणलंस? माझी टाकी माझ्या गुरूच्या हातानं उघडवलीस. चार फूट काळं. त्याले काय दाखवलंस तुले कळतं का? माझी मान कापून त्याच्या ताटात ठेवलीस. आणि गाडी. दोन तास. दोन तास ती माझ्या दारात उभी होती आणि तू घरात चहा करत असशील ड्रायव्हरले.

टी बिनकामाची असते. बारा-पंधरा गावांत मी टाक्या बांधल्या, कोणाची टी नाही, कोणाची तक्रार नाही.

ऐक. हसळी एक मोडली, दुसरी आहे. मी बाहेर येणार. आज नाही तर सहा महिन्यांनी, नाही तर सहा वर्षांनी, पण येणार. ते फोटो पोलिसांत गेले तर आल्यावर पहिली तू. जीवरामाले मी पायावर मारलं, तुले पायावर मारणार नाही. टाकी रिकामीच केलीस ना, बरं केलंस, जागा झाली.

फोटो पुसल्याचं फोनवर सांग. "स्वयंपाक झाला" म्हण, मी समजून घेईन.

अमृत

*

१५ डिसेंबर

अमृत,

गुरुवारी फोनवर मी "स्वयंपाक झाला" म्हटलं नाही. तुमच्या आईनं घेतला होता फोन, आता मी तिला आत्याबाई म्हणत नाही, आईच म्हणते. ती नुसती "हं, हं" करत राहिली आणि पाच मिनिटं संपली. तुम्हाला वाटलं असेल लाईन खराब आहे.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. सगळं, "जागा झाली" पर्यंत. ती तेव्हा भाकरी थापत होती. थापून झाली, तव्यावर टाकली, उलटली. मग म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. भाकरी करपली.

मग ती बोलली. एरवी ती बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. "याच्या बापानं मले मारलं ना, तं माझी सासू उठून दार लावून घ्यायची. बाहेर आवाज जाऊ नये म्हनून. मी बी तसंच केलं. तुले मारलं तव्हा तीनदा दार मीच लावलं. मी त्याले जन्म दिला बई, मी नाही म्हननार जा पोलिसात. पन आता दार लावत नाही मी. एवढंच माझ्यानं होते."

तीनदा. मी मोजलं नव्हतं, तिनं मोजलं होतं.

पहिल्यांदा दोन हजार वीसचा श्रावण. संडास तुंबला, तुम्ही म्हणालात मी कापड टाकलं. बादलीनं मारलंत. मी आत हात घालून शोधलं, कोपरापर्यंत, तुम्ही वर उभे होतात. कापड नव्हतं. दुसऱ्यांदा एकवीसचा गणपती. सांडपाणी परत आलं, तुम्ही म्हणालात मी फार कपडे धुते, मी म्हटलं गाडी बोलवू या. ती वेळ मोरीच्या कट्ट्याची, अजून उजव्या कानानं मला नीट ऐकू येत नाही, म्हणून मी फोन डाव्या कानाला धरते. तुम्ही कधी विचारलं नाही. तिसऱ्यांदा तेवीसचा भादवा. त्या वेळी कारणच सांगितलं नाहीत.

उस्ताद म्हणाले जमीन तीन-चार वर्षांपूर्वी मेली. मी दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना ते जोडलं. सुरी हातात होती, मी ती बाजूला ठेवली आणि बोटांवर पावसाळे मोजले. चार पावसाळे ती टाकी वर येत होती आणि प्रत्येक पावसाळ्यात तुम्ही एक माणूस शोधलंत. झाकण दहा पावलांवर होतं. बांबू आणि एक जुना परकर, एवढंच लागत होतं. तुम्ही मिस्त्री होतात, तुम्हाला हे माहीत होतं, आणि तरी तुम्हाला झाकण उघडण्यापेक्षा माणूस फोडणं सोपं वाटलं. मी फुटले तर बाहेर दिसत नव्हतं. जीवरामभाऊ फुटले ते चार माणसांत.

सोमवारी मी आणि आई रावेरला ठाण्यात गेलो. तिनं सकाळीच लुगडं बदलून पिशवी भरली होती, मी विचारलं कुठं, तर म्हणाली, "तुले एका हातानं बसमध्ये चढता येनार नाही." तपास करणाऱ्या साहेबांना मी सकाळचे फोटो दिले. संध्याकाळचेही दिले, कोणी आणि कसे फोडले ते सांगून. घाव किती होते ते सांगितलं. उस्तादांचा जबाब झाला. साहेबांनी मला दोनदा विचारलं, "बाई, तुम्ही आरोपीच्या पत्नी ना? हे कळतंय ना तुम्हाला, याचा परिणाम काय होईल?" मी म्हटलं, कळतंय.   बाहेर आल्यावर आईनं पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मला दिली.

वकीलसाहेबांनी मला फोनवर फार बोलून घेतलं. आता तुमच्या जामिनाचं काही खरं नाही म्हणाले.

घराचं सांगते. ते चर परत चालणार नाहीत, उस्तादांनी पुढच्या बाजूला नवीन जागा आखून दिली, वाटेपासून लांब. खणायला कौतिकनाना दोन गडी देतो म्हणाले. मी हो म्हटलं नाही अजून. सारिकाला पुढच्या महिन्यात आणते. गावातल्या चार घरांनी झाकणं उघडून बघितली. दोघांकडे टी नाही, त्या दोन्ही टाक्या तुमच्या हातच्या. त्यांनी तुम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या आईसमोर दिल्या नाहीत, मला दिल्या. मी ऐकून घेतल्या.

तुमची चपलेतली दोन्ही पत्रं, पाईप फोडायचं आणि हे शेवटचं, मी सोमवारीच साहेबांना दिली. झेरॉक्स नाही, मूळ. त्यांनी माझ्यासमोर नंबर टाकून फायलीत लावली. घराबाहेर एक पोलीस दिवसातून एकदा चक्कर मारतो आणि वहीवर माझी सही घेतो.

तुम्ही उत्तर लिहाल. राग आवरणार नाही तुम्हाला, मी ओळखते. लिहा. आलं की मी फोडून वाचेन, आईला वाचून दाखवेन, आणि मग त्याच फायलीत नेऊन लावेन. म्हणून या वेळी लिहाल ते बघून लिहा.

हेमांगी